मोठ्या संख्यांचा मसावि: अवयव पाडण्याआधी वजाबाकी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करते आहे. मूळ अवयव पाडून मसावि (महत्तम सामाईक विभाजक, म्हणजे दिलेल्या संख्यांना निःशेष भागणारी सर्वांत मोठी संख्या) काढायला तिला येतो, २४ आणि ३६ चा तर तोंडी सांगते. पण ११४७ आणि १५१७ अशी जोडी आली की २, ३, ५, ७, ११ ने भागून बघते, कशानेच भाग जात नाही, आणि शेवटी 'मसावि १' लिहून मोकळी होते. भागाकाराची पद्धत पाठ आहे, पण ती का चालते हे माहीत नसल्यामुळे मधेच चुकते. शिवाय शाब्दिक उदाहरणात मसावि काढायचा की लसावि (लघुतम सामाईक विभाज्य, म्हणजे दिलेल्या संख्यांनी निःशेष भाग जाणारी सर्वांत लहान संख्या), हे नेमकं कशावरून ठरवायचं?

आधी त्या जोडीचं उत्तर. मोठीतून लहान वजा करा: १५१७ − ११४७ = ३७०. ज्या संख्येने या दोघींना निःशेष भाग जातो, त्या संख्येने त्यांच्या फरकालाही भाग जातोच. म्हणजे सामाईक विभाजक शोधायला आता हजाराच्या घरात भटकायची गरज नाही, तो ३७० च्या विभाजकांतच दडलेला आहे. ३७० = २ × ५ × ३७. दिलेल्या दोन्ही संख्या विषम आहेत, म्हणून २ बाद. एककस्थानी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ बाद. राहिला फक्त ३७. तपासा: ११४७ = ३७ × ३१ आणि १५१७ = ३७ × ४१. मसावि ३७.

हा फरकाचा मुद्दा मुलीच्या मनात पक्का बसवा, कारण भागाकाराची पद्धत, तीन संख्यांचा मसावि, 'सारखीच बाकी उरते' ही उदाहरणं, सगळं याच एका गोष्टीतून निघतं. तो पटवायचा कसा? ६० सेंमी आणि ३६ सेंमीच्या दोन पट्ट्या घ्या. समजा, एकच लहान तुकडा दोन्ही पट्ट्यांवर पूर्ण संख्येने बसतो. पट्ट्या एकीवर एक ठेवल्या की ३६ सेंमीपर्यंत तुकडे जुळतात, मग बाहेर राहिलेल्या २४ सेंमीच्या भागातही ते पूर्णच बसले पाहिजेत. उलटंही खरं: जो तुकडा ३६ आणि २४ मध्ये पूर्ण बसतो तो त्यांच्या बेरजेत, म्हणजे ६० मध्येही पूर्ण बसतो. म्हणून (६०, ३६) या जोडीचे सामाईक विभाजक आणि (३६, २४) या जोडीचे सामाईक विभाजक अगदी तेच आहेत, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मग त्यांतला सर्वांत मोठाही तोच. आता ३६ − २४ = १२, आणि २४ मध्ये १२ बरोबर दोनदा बसतो. मसावि १२. चौकटीच्या कागदावर ६० × ३६ चा आयत काढून त्यातून शक्य तितके मोठे चौरस कापायला सांगा. आधी ३६ चा एक, मग २४ चा एक, मग १२ चे दोन, आणि कागद संपतो. शेवटच्या चौरसाची बाजू हाच मसावि. हे एकदा हाताने केलं की पद्धत पाठ करावी लागत नाही.

भागाकार म्हणजे हीच वजाबाकी, फक्त पुन्हा पुन्हा करायची ती एका दमात. म्हणून कृती अशी: मोठ्या संख्येला लहान संख्येने भागा, बाकी आली तर आता भाजक होता त्याला भाज्य करा आणि बाकीला भाजक, बाकी शून्य येईपर्यंत हेच चालू ठेवा, ज्या भाजकाने शून्य बाकी आली तो मसावि. ८६३३ आणि ८०५१ घेऊ.

८६३३ = ८०५१ × १ + ५८२
८०५१ = ५८२ × १३ + ४८५
५८२ = ४८५ × १ + ९७
४८५ = ९७ × ५ + ०

मसावि ९७. हीच जोडी मूळ अवयवांनी सोडवायची म्हटलं तर ८०५१ = ८३ × ९७ आहे. म्हणजे २ पासून ७९ पर्यंतच्या २२ मूळ संख्यांनी भागून बघायचं, बाविसाव्यापर्यंत निराश व्हायचं आणि तेविसाव्याने भाग जायचा. इथे चार भागाकारांत काम झालं. मोठ्या संख्यांना अवयव पद्धत लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे ते यामुळेच. चूक मुलीची नाही, हत्यार चुकीचं आहे.

वर अजून एक सोय आहे, ती शाळेत सहसा सांगत नाहीत. बाकी 'किती उरले' अशीच मोजायला हवी असं नाही, 'किती कमी पडले' अशीही मोजता येते. दुसऱ्या ओळीत ५८२ × १४ = ८१४८, हे ८०५१ पेक्षा ९७ ने जास्त. सामाईक विभाजकाने या ९७ लाही भाग जायला हवा, कारण तोही एक फरकच आहे. आणि ५८२ = ९७ × ६. ४८५ ची पायरी गाळली गेली. बाकी भाजकाच्या निम्म्याहून मोठी येतेय असं दिसलं की वरच्या पटीकडे जा. पायऱ्या कमी होतात आणि आकडेही लहान राहतात. उत्तरपत्रिकेत पायऱ्या दाखवायच्या असतील तर मात्र नेहमीची मांडणी ठेवा.

मुलं चुकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली: शेवटच्या ओळीतला भाजक न लिहिता भागाकार लिहिणं. वरच्या उदाहरणात ९७ ऐवजी ५ लिहिणारी मुलं भरपूर असतात, कारण भागाकाराच्या गणितात उत्तर म्हणजे भागाकार ही सवय मुरलेली असते. दुसरी: पुढच्या पायरीत भाज्य-भाजक बदलताना आधीचा भाज्यच पुन्हा ओढून आणणं, म्हणजे ५८२ ला ४८५ ने भागायचं सोडून ८०५१ ला ४८५ ने भागणं. या जोडीत उत्तर योगायोगाने ९७ च येतं, पण नेहमी येईलच असं नाही, कारण मधला भाजक सोडून दिला की जास्तीचा सामाईक विभाजक शिरू शकतो; शिवाय काम वाढतं ते वेगळंच. तिसरी खरी घातक: एखादी बाकी चुकली की पुढचं सगळं चुकतं आणि बहुतेक वेळा मसावि १ येतो. त्यामुळे १ आला की आनंद न मानता एकदा उलट तपासणी करावी. मोठ्या संख्यांच्या परीक्षेतल्या प्रश्नात उत्तर १ असू शकतं, पण तसं क्वचित देतात.

उत्तराचा पडताळा दोन भागांत घ्या, एका भागावर थांबू नका. ८६३३ ÷ ९७ = ८९ आणि ८०५१ ÷ ९७ = ८३, दोन्हीकडे बाकी शून्य. यावरून ९७ हा सामाईक विभाजक आहे एवढंच ठरलं, तो सर्वांत मोठा आहे हे नाही. त्यासाठी ८९ आणि ८३ सहमूळ आहेत का, म्हणजे १ सोडून त्यांना दुसरा सामाईक विभाजक नाही ना, ते बघायचं. फरक ६. सामाईक विभाजक असलाच तर तो ६ चा विभाजक असणार. ८३ ला २ ने भाग जात नाही, ३ नेही नाही. म्हणजे सहमूळ, आणि ९७ हाच मसावि. सहमूळ म्हणजे दोन्ही मूळ असायलाच हव्यात असं नाही, हेही इथेच सांगून टाका. ८ आणि १५ यांपैकी एकही मूळ नाही, तरी जोडी सहमूळ आहे.

मूळ अवयवांची पद्धत टाकाऊ नाही. संख्या दोन-तीन अंकी असतील किंवा अवयव डोळ्यांसमोर दिसत असतील तर तीच जलद. ३६० = २×२×२×३×३×५ आणि ७५६ = २×२×३×३×३×७. दोन्हीकडे मिळून २ दोनदा आणि ३ दोनदा सामाईक आहेत, मसावि ३६. ५ फक्त इकडे, ७ फक्त तिकडे, ते सोडून द्यायचे. चूक होते ती २ तीनदा किंवा ३ तीनदा घेण्यात, ती लसाविची रीत. दुसरी चूक म्हणजे काही संख्या दिसायला मूळ वाटतात आणि मुलं त्या तशाच सोडतात. ५१, ५७, ८७, ९१, ११९, १३३, १४३, २२१, २४७, ३२३, ३९१ या अकरा संख्यांचे अवयव पाढ्यासारखे तोंडपाठ असावेत: ३×१७, ३×१९, ३×२९, ७×१३, ७×१७, ७×१९, ११×१३, १३×१७, १३×१९, १७×१९, १७×२३. परीक्षेत याच पुन्हा पुन्हा येतात.

दोन पद्धतींचा मेळही घालता येतो. २५२० आणि १७६४ ला १२ ने भाग जातो हे सहज दिसतं. भागून २१० आणि १४७ उरले. त्यांचा मसावि २१. आता आधी काढलेला १२ परत गुणायचा: १२ × २१ = २५२. इथे २१ लिहून पान उलटलं जातं, तेव्हा बाहेर काढलेला अवयव समासात मोठ्या अक्षरात लिहून त्याभोवती गोल करायची सवय लावा. आणि एकाच संख्येत असलेला मूळ अवयव, जो दुसरीत नक्की नाही, तो खुशाल फेकून द्यावा. ३७० मधले २ आणि ५ आपण असेच फेकले.

तीन किंवा जास्त संख्या असल्या की उभ्या मांडणीत हमखास घोळ होतो, कारण लसावि आणि मसावि दोन्हींची मांडणी सारखीच दिसते. लसाविला दोन संख्यांना भाग गेला तरी पुढे जायचं असतं. मसाविला सगळ्यांना भाग गेला तरच. २४, ३६, ४५ ला ३ ने भागलं: ८, १२, १५. इथे थांबायचं. ८ आणि १२ मध्ये अजून ४ सामाईक आहे, पण १५ मध्ये नाही. मसावि ३. संख्या मोठ्या असतील तर सर्वांत लहान संख्या धरून ठेवा आणि बाकीच्यांना तिने भागून बाक्या घ्या. ५१३, ११३४, १२१५ घ्या. ११३४ ची बाकी १०८, १२१५ ची १८९. आता ५१३, १०८, १८९ मध्ये सर्वांत लहान १०८: ५१३ ची बाकी ८१, १८९ चीही ८१. उरले १०८ आणि ८१, फरक २७, आणि ८१ मध्ये २७ तीनदा. मसावि २७. आधी दोघांचा काढून मग तिसऱ्याशी जुळवण्यापेक्षा हे बहुतेक वेळा लवकर उरकतं.

'मसावि × लसावि = संख्यांचा गुणाकार' हे सूत्र दोनच संख्यांना चालतं. ६, १०, १५ ला लावून बघा: मसावि १, लसावि ३०, गुणाकार मात्र ९००. दोन संख्यांचा लसावि काढताना आधी गुणून मग भागू नका, आधी भागा: ८६३३ ÷ ९७ = ८९, मग ८०५१ × ८९ = ७१६५३९.

आता शाब्दिक उदाहरणं. 'जास्तीत जास्त आलं की मसावि, कमीत कमी आलं की लसावि' ही युक्ती अनेक ठिकाणी शिकवली जाते. ती सोडून द्या, कारण ती फसवते. हे उदाहरण बघा: एका दुकानात आंबेमोहर ३३६ किलो, इंद्रायणी २५२ किलो आणि कोलम २१० किलो आहे. तांदळाची सरमिसळ न करता सारख्या वजनाची कमीत कमी किती पोती भरता येतील? शब्द 'कमीत कमी' आहे, तरी मसावि काढायचा. पोती कमी हवीत म्हणजे प्रत्येक पोतं जास्तीत जास्त मोठं हवं, आणि त्याच्या वजनाने तिन्ही साठ्यांना भाग जायला हवा. मसावि ४२ किलो, पोती ८ + ६ + ५ = १९. उत्तर १९, ४२ नाही. उलट बाजूला 'चार अंकी मोठ्यात मोठी अशी संख्या जिला १२, १५ आणि १८ ने निःशेष भाग जातो' इथे शब्द 'मोठ्यात मोठी' आहे, पण लागतो लसावि: १८०, आणि ९९९९ च्या आतली त्याची सर्वांत मोठी पट ९९००.

म्हणून शब्दाकडे न बघता एकच प्रश्न विचारायचा: हवी असलेली संख्या दिलेल्या संख्यांना भागणार आहे, की दिलेल्या संख्या तिला भागणार आहेत? तुकडे करणं, वाटणं, एकाच मापाने सगळं मोजणं असेल तर ती भागणारी आहे, मसावि. घंटा पुन्हा एकत्र वाजणं, गाड्या पुन्हा एकाच वेळी सुटणं असेल तर दिलेल्या संख्या तिला भागतात, लसावि.

बाकीची दोन रूपं वेगळी ओळखायला शिकवा, कारण त्यांत फरक आहे. पहिल्यात बाकी दिलेली असते: अशी मोठ्यात मोठी संख्या सांगा जिने २१२ ला भागल्यास ५ आणि ३३० ला भागल्यास ८ उरतात. बाक्या वजा करा, २०७ आणि ३२२. फरक ११५, मग २०७ − ११५ = ९२, मग २३. उत्तर २३. दुसऱ्या रूपात बाकी किती ते सांगतच नाहीत, फक्त सारखी आहे म्हणतात: १५८, २४२ आणि ३६८ ला भागल्यावर सारखीच बाकी उरते अशी मोठ्यात मोठी संख्या कोणती? बाकी माहीत नाही तर वजा काय करायचं, असं म्हणून मुलं अडतात. संख्या एकमेकींतून वजा केल्या की अज्ञात बाकी आपोआप उडते: ८४, १२६, २१०. यांचा मसावि ४२, आणि तिन्हींची बाकी ३२. पहिल्या रूपात आणखी एक खबरदारी घ्यायची: भाजक नेहमी बाकीपेक्षा मोठा असतो. मसावि सोडून इतर विभाजकही विचारले, तर दिलेल्या बाक्यांहून लहान किंवा त्यांच्याएवढे विभाजक बाद करायचे.

झाडांच्या उदाहरणात गणित बरोबर येऊनही गुण जातात. ३३६ मी × २५२ मी च्या आयताकृती शेताच्या बांधावर, चारही कोपऱ्यांत एकेक झाड येईल अशी, समान अंतरावर कमीत कमी किती झाडं? अंतर ८४ मी, परिमिती ११७६ मी, झाडं १४. सरळ रस्त्यावर लावली तर एक मिळवायचं असतं, बंद कुंपणावर नाही, कारण शेवटचं अंतर पहिल्याच झाडापाशी येऊन मिटतं. आणि मापं वेगवेगळ्या एककांत असतील, ३ मीटर ३६ सेंमी अशी, तर आधी सगळं सेंटिमीटरमध्ये आणा. दशांश अपूर्णांकांचंही तसंच: २.४ आणि ०.३६ ला १०० ने गुणून २४० आणि ३६, मसावि १२, परत १०० ने भागून ०.१२.

काही गोष्टी तोंडी याव्यात. क्रमागत दोन संख्यांचा मसावि १, क्रमागत विषमांचा १, क्रमागत समांचा २. फरकावरून हे लगेच दिसतं. एक संख्या दुसरीला भागत असेल तर लहान संख्याच मसावि. सामाईक मूळ अवयव एकही नसेल तर मसावि १, शून्य नव्हे. १ हा प्रत्येक संख्येचा विभाजक आहे.

ही पद्धत नवी नाही. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडच्या ग्रंथात सातव्या भागाच्या आरंभीच ती आहे. आपल्याकडे इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात कुट्टकाच्या, म्हणजे एका संख्येला कशाने गुणून त्यात ठरावीक संख्या मिळवली की दुसरीने निःशेष भाग जातो ते शोधण्याच्या, कृतीत हाच परस्पर भागाकार येतो, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत कुट्टकाची सुरुवातच मसावि काढण्यापासून केली. मुलीला पुढचं आव्हान द्यायचं असेल तर तिथलंच एक उदाहरण द्या: २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळवले असता बेरजेला १९५ ने निःशेष भाग जाईल? २२१ − १९५ = २६, आणि १९५ मध्ये २६ सातदा जाऊन १३ उरतात; २६ म्हणजे १३ ची दुप्पट, म्हणून मसावि १३. तिन्ही संख्या १३ ने भागल्या की प्रश्न उरतो १७, ५ आणि १५ चा: १७ × ५ + ५ = ९०, आणि त्याला १५ ने भाग जातो. उत्तर ५. आता ६५ च्या जागी ६४ ठेवून बघायला सांगा. २२१ ची कोणतीही पट १३ ची पट आहे, १९५ ची कोणतीही पट १३ ची पट आहे, पण ६४ नाही. मग कितीही शोधलं तरी उत्तर मिळणार नाही, आणि हे एकही गुणाकार न करता आधीच सांगता येतं. अशा प्रश्नाला भास्कराचार्यांनी 'दुष्ट' म्हटलं आहे.